मेडिकलला जायचंय, तर बॅचलर्सला मेजर कुठला घ्यावा? (अमेरिका)

दोन_मुलींची_आई

नमस्कार. थोरली लेक यंदा हायस्कूल संपवतेय. आम्ही न्यूजर्सीत राहतो. तिला राज्याच्या विद्यापीठात प्रवेश मिळालाय, थोडी स्कॉलरशिपही आहे. तिला डॉक्टर व्हायचंय. इथे बारावीनंतर सरळ एमबीबीएस नाही, आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षं मेडिकल स्कूल, मध्ये एमकॅट ही प्रवेश परीक्षा, हे एव्हाना आम्हाला पाठ झालंय. गाडी अडलीय पहिल्याच पायरीवर, मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, कुठला घ्यायचा यावर.

घरात तीन मतं आहेत. नवरा इंजिनियर. तो म्हणतो बायोमेडिकल इंजिनियरिंग घे, मेडिकलला नाही लागलं तरी हातात नोकरी राहील. भारतातून दादा-वहिनी (वहिनी स्वतः एमबीबीएस) सांगतात की बायोलॉजी सोडून दुसरा विचारच करू नका. आणि लेकीला घ्यायचंय स्टॅटिस्टिक्स.

त्याला कारण आहे. मागच्या उन्हाळ्यात सासूबाई आमच्याकडे होत्या. त्यांना मधुमेह आहे. रोज सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचून आकडा एका वहीत लिहायच्या. लेकीने ती वही उतरवून काढली, प्रत्येक आकड्याशेजारी जेवणाची वेळ, चालणं, झोप मांडली आणि आजीला दाखवलं की रात्री नऊनंतर जेवलीस की दुसऱ्या सकाळची साखर चढलेली असते. सासूबाई सातला जेवायला लागल्या आणि सकाळचे आकडे उतरले. तेव्हापासून पोरगी म्हणतेय, मला डॉक्टर व्हायचंय, पण आकडे सोडून नाही.

मला तिचा उत्साह मोडायचा नाही. पण स्टॅटिस्टिक्स घेतल्याने मेडिकलची वाट बंद होणार असेल तर ते आत्ताच कळायला हवं. जूनमध्ये ओरिएंटेशन आहे, तेव्हा पहिल्या सत्राचे विषय ठरवावे लागतील. ज्यांनी स्वतः किंवा ज्यांच्या मुलांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रयोगशाळा

वाट बंद होत नाही. माझा मुलगा बायोलॉजी करून मेडिकलला लागला. बायोलॉजीची सोय ही की मेडिकलला लागणारे बरेचसे विषय मेजरमध्येच येऊन जातात, त्यांच्यासाठी वेळापत्रकात वेगळी जागा करावी लागत नाही. म्हणूनच अर्ज करणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुलं जीवशास्त्राच्या शाखांमधली असतात. मात्र त्याच्या मित्रांपैकी ज्यांचं मन तिसऱ्या वर्षी मेडिकलवरून उडालं, त्यांना नुसत्या बायोलॉजीच्या बॅचलर्सवर मनाजोगतं काम मिळेना. दोघांना पुन्हा मास्टर्स करावं लागलं. तेही डोक्यात असू द्या.

रात्रपाळी

ताई, मी इंटर्नल मेडिसिनची रेसिडेंट आहे, दुसरं वर्ष. माझा मेजर बायोकेमिस्ट्री होता आणि तो मी चुकीच्या कारणासाठी घेतला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी नियमांचं. प्री-मेड नावाची पदवी नसते, ती फक्त विषयांची यादी असते. साधारणपणे बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, प्रत्येकी एक वर्ष आणि लॅबसकट. त्यावर एक सत्र बायोकेमिस्ट्री, थोडं इंग्रजी, थोडं गणित किंवा स्टॅटिस्टिक्स. एमकॅटच्या चार भागांपैकी एक भाग सायकॉलॉजी-सोशिऑलॉजीचा असतो, त्यामुळे त्यांचा एकेक कोर्स घेतलेला बरा. शाळेगणिक यादी थोडी बदलते. एवढं नीट झालं की मेजर संगीत असला तरी चालतो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल स्कूलने तर १९८७ पासून ह्युमॅनिटीजच्या काही मुलांना नेहमीच्या ऑरगॅनिक-फिजिक्सशिवाय आणि एमकॅटशिवाय घेतलं. त्या मुलांच्या कामगिरीचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, तर ती वर्गातल्या बाकीच्यांच्या बरोबरीने शिकत होती.

तुमच्या वहिनींचं त्यांच्या जागी बरोबर आहे. भारतात पीसीबीशिवाय दारच उघडत नाही. इथली रीत वेगळी आहे, आणि तीही कायमची नव्हती. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाला आल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या, हातात कुठलीही पदवी नव्हती, आणि १८८६ मध्ये एम.डी. झाल्या. आधी पदवी हवी ही अट जॉन्स हॉपकिन्सने १८९३ मध्ये घातली, आणि वैद्यकीय शिक्षणावरच्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर कॉलेजातली विज्ञानाची पूर्वतयारी सगळीकडे रुळली. मला हे आठवलं की धीर येतो. आपण ज्याला अटळ समजतो ती वाट कुणीतरी आखलेली असते.

आता माझं. बायोकेमिस्ट्री हे नाव अर्जावर वजनदार दिसेल, म्हणून मी तो मेजर घेतला. विषयाची ओढ नव्हती. दुसऱ्या वर्षी एकाच सत्रात ऑरगॅनिक, फिजिक्स आणि सेल बायोलॉजी, तिन्ही लॅबसकट, कारण मेजरच्या आखणीत तसंच बसत होतं. आठवड्यात तीन दुपारी लॅबमध्ये आणि रात्री रिपोर्ट. ऑरगॅनिकमध्ये सी प्लस आला. पुन्हा कोर्स केला, ए मायनस मिळवला, आणि मला वाटलं डाग पुसला. पुसला जात नाही. मेडिकल स्कूलचा सामायिक अर्ज, ज्याला सगळे अॅमकास म्हणतात, त्यात दोन्ही वेळचे गुण धरले जातात. इथे डॉक्टर होण्याच्या दोन पदव्या आहेत, एमडी आणि ऑस्टिओपॅथिक म्हणजे डीओ; त्यातल्या डीओ शाळांच्या अर्जात पूर्वी नवे गुण जुन्यांची जागा घ्यायचे, ती सवलतही २०१७ मध्ये गेली.

पदवी घेऊन बाहेर पडले तेव्हा जीपीए (गुणांची सरासरी, चारपैकी) ३.४२ होता. २०२३-२४ साली एमडी शाळांत प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ३.७७ होती, एमकॅटची ५११.७. जवळपास साडेबावन्न हजार अर्जदार आणि तेवीस हजारांच्या आसपास प्रवेश. माझ्या पहिल्या अर्जाला एकाही ठिकाणाहून मुलाखत आली नाही. मग दोन वर्षं एका इमर्जन्सी विभागात स्क्राइब म्हणून काम केलं, म्हणजे डॉक्टर पेशंटशी बोलतात तेव्हा शेजारी उभं राहून नोंदी टाइप करायच्या. संध्याकाळी वरच्या पातळीचे कोर्स केले. दुसऱ्या खेपेला एक प्रवेश मिळाला, एकच, आणि तो पुरला. मुलाखतीत मेजरबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. विचारलं ते स्क्राइबच्या दिवसांबद्दल. एका पहाटे मुलाला बापाच्या मृत्यूची बातमी देण्याआधी डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली होती, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यायला. ते मी सांगितलं.

म्हणून माझं कळकळीचं म्हणणं आहे, जो विषय ती थकलेली असतानाही उघडून बसेल तोच मेजर. गुण तिथेच येतात, आणि अर्जाच्या पहिल्या चाळणीत गुणच लागतात.

स्टॅटिस्टिक्सचा एक फायदा लोकांना माहीत नसतो. अॅमकास विज्ञानाचा जीपीए वेगळा काढतं, त्यात बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित येतं, आणि स्टॅटिस्टिक्स गणितात मोजलं जातं. तिच्या आवडत्या कोर्सचे ए थेट तिथे जमा होतील. सायकॉलॉजी किंवा पब्लिक हेल्थ त्यात धरत नाहीत.

आणि वॉर्डमध्ये याचा उपयोग? एक उदाहरण देते, लेकीला नक्की दाखवा. एखादा आजार शंभरात एकाला आहे. चाचणी ९० टक्के आजारी माणसं पकडते आणि ९० टक्के निरोग्यांना निरोगी म्हणते. हजार जणांची चाचणी केली तर दहा आजारींपैकी नऊ पॉझिटिव्ह येतील, आणि ९९० निरोग्यांपैकी ९९ पॉझिटिव्ह येतील. म्हणजे १०८ पॉझिटिव्हांत खरे आजारी नऊच, शंभरात जेमतेम आठ. मी रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी काही लक्षणं नसलेल्या एका बाईंचा असाच पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन त्यांना सांगायला गेले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडलेला पाहिला. पुढच्या तपासणीत काही निघालं नाही. तोवरचे नऊ दिवस त्यांनी कसे काढले असतील? हे गणित मला तेव्हा हाडात भिनलेलं हवं होतं. तुमची मुलगी आजीच्या वहीपासून तिथेच चाललीय.

इंजिनियरिंगबद्दल भावोजींना सांगा, तिला ते मनापासून आवडत असेल तरच. त्यात मेजरचेच कोर्स इतके असतात की ऑरगॅनिक आणि बायोलॉजीच्या लॅब जादा ओझं म्हणून वर येतात. नोकरीची त्यांची काळजी रास्त आहे, पण ती स्टॅटिस्टिक्सनेही भागते.

जुना_एच१वाला

मेजरपेक्षा मोठा प्रश्न विचारतो, राग मानू नका. मुलीकडे ग्रीन कार्ड आहे का? आमचा मुलगा एच-४ वर होता, म्हणजे एच-१ वर काम करणाऱ्याच्या अवलंबितांच्या व्हिसावर. एकविसाव्या वर्षी अवलंबितांचा व्हिसा संपतो, मग एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. कित्येक मेडिकल स्कूल, त्यातही सरकारी, नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात. ज्या थोड्या शाळा घेतात तिथे केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज मिळत नाही. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी समजलं तेव्हा घरात दोन दिवस कुणी जेवलं नाही. मुलगा आता बायोस्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करतोय आणि रमलाय, पण ते वळण त्याने स्वतः निवडलेलं नव्हतं.

कर्ज मिळणार असलं तरी नवा नियम बघून ठेवा. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं केंद्राचं कर्ज बंद. मेडिकलसारख्या शिक्षणाला वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर एवढंच केंद्राचं कर्ज. बऱ्याच खासगी मेडिकल स्कूलचा चार वर्षांचा खर्च याच्या पुढे जातो. त्यामुळे बॅचलर्सला राज्याच्या विद्यापीठात, स्कॉलरशिप घेऊन, हा तुमचा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. तिथे वाचलेला पैसा पुढे लागेल.

दोन_मुलींची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, ग्रीन कार्ड मागच्या वर्षी आलं, पण तुमचं वाचून पोटात कालवलं. धाकटीच्या मैत्रिणीच्या घरी अजून एच-४ आहे, तिच्या आईला आजच फोन करते.

रात्रपाळी, तुमचा मजकूर लेकीला वाचून दाखवला. चाचणीचं गणित तिने तिथल्या तिथे करून पाहिलं आणि मग विचारलं की आजार दहात एकाला असेल तर? तिचं तिनेच काढलं, शंभर आजारी आणि नऊशे निरोगी धरून, नव्वद खरे आणि नव्वद खोटे. नवरा बाजूला उभा राहून ऐकत होता. त्याने इंजिनियरिंगचा विषय पुन्हा काढलेला नाही.

आता एकच विचारायचंय. तिला एपी (हायस्कूलमध्येच घेतलेले कॉलेजच्या पातळीचे कोर्स) बायोलॉजी आणि एपी केमिस्ट्रीच्या परीक्षांत पाचपैकी पाच-पाच मिळतील अशी आशा आहे. ते क्रेडिट घेऊन सरळ ऑरगॅनिकला बसू का, असं ती विचारतेय.

रात्रपाळी

नको ताई. काही मेडिकल स्कूल एपी क्रेडिट मानतच नाहीत, आणि ज्या मानतात त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी त्याच विषयाचा वरचा कोर्स केलेला बघतात. बायोलॉजीत ते सोपं आहे, जेनेटिक्स किंवा फिजिऑलॉजी घेता येतं. केमिस्ट्री मात्र विद्यापीठात पहिल्यापासून करू दे. ओळखीच्या विषयात कॉलेजची लॅब आणि परीक्षेची पद्धत अंगवळणी पडते, आणि ऑरगॅनिकच्या वर्गात ती भक्कम पायावर बसते.

पहिल्या सत्रात जनरल केमिस्ट्री, कॅल्क्युलस, इंग्रजी आणि तिला हवा तो स्टॅटिस्टिक्सचा पहिला कोर्स, एवढंच. लॅब एकच. बायोलॉजी दुसऱ्या सत्रापासून. ऑरगॅनिक दुसऱ्या वर्षी, आणि त्या सत्रात फिजिक्स घेऊ देऊ नका.