ग्रीक ट्रॅजेडीत सगळं देवच घडवतात, मग माणसाचा दोष कुठे?

वाचनवेडी
प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसचं हिप्पोलिटस हे नाटक वाचून झालं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. सुरुवातीलाच प्रेमाची देवी ॲफ्रोडायटी येऊन सांगून टाकते की हा पोरगा, हिप्पोलिटस, मला मान देत नाही, सदा शिकारीच्या देवीबरोबर, आर्टेमिसबरोबर शिकारीत रमलेला, म्हणून आजच्या आज ह्याचा सूड घेणार. त्याच्या सावत्र आईच्या, फीड्राच्या मनात तिनेच त्याची ओढ घातलेली, आणि फीड्राने देवीचं काही वाकडं केलेलं नाही तरी तीही मरणार हेसुद्धा आधीच सांगते! मग पुढचं नाटक बघायचं कशासाठी? आणि अथेन्सच्या लोकांना असे देव बघून राग नाही यायचा? ज्यांची पूजा करायचे तेच ना हे?

गच्चीवरचा
पूजा करायचे म्हणूनच बघायचे. नाटकं व्हायचीच मुळी डायोनिसस या मद्याच्या देवाच्या उत्सवात, ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर, त्याच्या देवळाला लागून. आणि देव म्हणजे दयाळूच असला पाहिजे अशी त्यांची अपेक्षाच नव्हती, त्याचा मान त्याला द्यायचा, नाही दिला तर तो कोपणार. सुरुवातीचा तो म्हाताऱ्या नोकराचा प्रसंग परत वाच. तो हिप्पोलिटसला म्हणतो दारातल्या देवीला नमस्कार कर, तर हा म्हणतो मी शुद्ध आहे, मी लांबूनच करतो. तो आत गेल्यावर म्हातारा एकटाच देवीपुढे हात जोडतो की पोर आहे, बोलला तरी ऐकलं नाही असं कर, देवांनी माणसांपेक्षा शहाणं असायला हवं. म्हणजे देवांबद्दलचा राग म्हण, तक्रार म्हण, नाटकातच आहे, आणि ती करतोय एक भाविक नोकर.

मनीषा_ठाणे
दोषाबद्दल बोलायचं तर देवी फक्त ओढ निर्माण करते, पुढचं सगळं माणसांनी केलंय. फीड्रा तर कुणाला काही न सांगता अन्नपाणी सोडून मरायला निघालेली. दाई तिच्याकडून गुपित काढते आणि हिप्पोलिटसला शपथ घालून सांगून टाकते. मग फीड्रा बदनामीच्या भीतीने गळफास घेते, पण हाताला बांधलेल्या पाटीवर त्याच्यावर खोटा आळ लिहून ठेवते, तिचा नवरा आणि हिप्पोलिटसचा बाप थीसियस ती पाटी वाचून ना चौकशी ना काही, सरळ समुद्रदेव पोसायडनने दिलेला शाप पोराविरुद्ध वापरतो, आणि हिप्पोलिटस शपथ मोडायची नाही म्हणून खरं सांगत नाही. प्रत्येक वळणावर थांबता आलं असतं आणि कुणीच थांबत नाही, मला तरी हेच बघवत नाही. सोफोक्लीस या दुसऱ्या नाटककाराच्या इडिपसमध्ये राजा इडिपस नकळत बापाला मारून आईशी लग्न करतो, हे भविष्य अपोलो या देवाचं, पण तो तर स्टेजवर येतसुद्धा नाही. खरं कळल्यावर स्वतःचे डोळे फोडून घेतलेला इडिपस म्हणतो की हे भोग अपोलोने आणले, पण डोळ्यांवर चालला तो हात माझाच. दोन्ही एकदम खरं, देवाचं करणंही आणि माणसाचं करणंही, एकाने दुसरं पुसलं जात नाही.

गच्चीवरचा
+१. आणि शेवट विसरू नका. आर्टेमिस येते, खरं काय ते सांगते, पण वाचवलं का नाही तर म्हणे एका देवाने दुसऱ्याच्या इच्छेच्या आड यायचं नाही असा देवांमध्ये नियम आहे. बदला म्हणून ॲफ्रोडायटीच्या लाडक्या माणसाला बाण मारीन म्हणते, म्हणजे परत मरणार माणूसच! तिला रडायची परवानगी नाही, मरणाऱ्याजवळ थांबायचीही नाही, म्हणून हिप्पोलिटस शेवटचे श्वास घेत असताना ती निघून जाते, आणि तो म्हणतो, इतका जुना सहवास किती सहज सोडून चाललीस. मग उरतात बाप आणि मुलगा. बापावर राग धरू नकोस हा सल्ला आर्टेमिसचाच, पण प्रत्यक्ष माफ करतो हिप्पोलिटस. देव अमर आहेत, त्यांचं काहीच पणाला लागलेलं नसतं, म्हणून माफ करणं त्यांना जमत नाही असं मला वाटतं.

वाचनवेडी
हे शेवटचं वाचताना पटकन पुढे गेले होते, आज परत वाचते. पुढे काय वाचू? देव खूप वेळ समोर असतो असं एखादं सांगा.

मनीषा_ठाणे
बॅकाय. युरिपिडीसचंच, तो गेल्यावर इ.स.पू. ४०५ च्या सुमाराला रंगमंचावर आलं. त्यात डायोनिसस स्वतः माणसाच्या रूपात वावरतो, आणि त्याला देव न मानणाऱ्या राजा पेन्थिअसला त्याचीच आई देवाने घातलेल्या वेडाच्या भरात सिंह समजून मारते. आई भानावर येते आणि हातातलं डोकं सिंहाचं नाही, पोटच्या पोराचं आहे हे तिला कळतं, तो प्रसंग सावकाश वाच. त्यानंतर तिचा म्हातारा बाप कॅडमस देवाला तोंडावर सांगतो की देवांचा राग माणसांसारखा असू नये. इ.स.पू. ४२८ च्या हिप्पोलिटसमधला तो नोकर हेच मागत होता. इथे देव उत्तर देतो, माझ्या बापाने, झ्यूसने, हे कधीच मान्य केलंय.