उ: दिसतंय म्हणजे लिंक लागेलच असं नाही

दोन टॉवरमध्ये वायरलेस लिंक (रेडिओ लहरींची जोडणी) लावायच्या चर्चेत कुणीतरी म्हणालं, "दुर्बिणीतून समोरचा टॉवर स्वच्छ दिसतो, मग उंची पुरेशी आहे"; हे म्हणणं अर्धंच बरोबर. फ्रेनेल झोनचा (दोन टॉवरमधल्या सरळ रेषेभोवती लहरींना मोकळा लागणारा लांबट पट्टा) मुद्दा आलाय, पण पृथ्वीचा फुगवटा (वक्रतेमुळे मध्ये वर येणारी जमीन) कुणीच धरला नाही. २० किमी अंतर आणि ५.८ गिगाहर्ट्झ धरा: मध्यावर पहिल्या झोनची त्रिज्या सुमारे १६ मीटर, तिचे ६० टक्के म्हणजे साधारण ९.७. त्यात फुगवट्याचे जवळजवळ ६ मीटर (हवेत लहरी किंचित वाकतात, त्यासाठीचा गुणक 'के' ४/३ धरून). म्हणजे मधल्या अडथळ्याच्या माथ्यावर साडेपंधरा मीटर मोकळी जागा हवी.

आणि झाडं! मी एकदा पानगळीत सर्व्हे केला, आकडे झकास जुळले. पालवी फुटली आणि सिग्नल ढासळला. तेव्हापासून झाडाच्या उंचीत वाढीचे दोन-तीन मीटर आधीच मिळवतो.