सेल्फ फिरतोय, पण गाडी उचलत नाही: जुन्या डिझेल ट्रकचे अनुभव लिहा

कृष्णाकाठ
काल पलूसजवळ उसानं भरलेला जुना ट्रक कडेला उभा दिसला. ड्रायव्हर सेल्फवर सेल्फ मारत होता आणि आवाज जड होत चालला होता. मागचे कितीतरी हंगाम आठवले. ज्याला जे पक्कं ठाऊक आहे ते इथं लिहा, साध्या पंपाच्या (इलेक्ट्रॉनिक नसलेल्या) गाड्यांबद्दलच. माझ्याकडून एवढंच: आधी सायलेन्सर बघा. सेल्फ मारताना धूर अजिबात नाही म्हणजे नोजलपर्यंत (इंजिनात डिझेल फवारतो तो भाग) डिझेल जात नाही. पांढरा धूर येतोय म्हणजे जातंय, पण पेटत नाही.

नोजलवाला मिरज
धूर नसेल तर पहिल्यांदा स्टॉप केबल, म्हणजे इंजिन बंद करायची तार. केबिनमधला खटका आत गेला तरी पंपावरचा लिव्हर बंदवरच अडकलेला असतो. केबल गंजते, स्प्रिंग तुटते. लिव्हर हातानं चालूकडं ढकलून सेल्फ मारा. लोक आधी पंप उतरवतात, नका उतरवू.

चाकधर
एअर. रात्रभर उभी राहिली की सकाळी उचलत नाही, हातपंप (डिझेल हातानं चढवायचा छोटा पंप) मारला की उचलते, म्हणजे डिझेलच्या पाईपात एअर घेतेय. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) ही ओढीची बाजू. तिथं फट असली तर डिझेल गळेलच असं नाही, हवा आत ओढली जाते. बाहेरून सगळं कोरडं, म्हणून माणूस फसतो. फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी घाला, बुडबुडे दिसतील. बहुतेकदा दोष बँजो बोल्टाच्या (पाईप जोडायचा पोकळ बोल्ट) तांब्याच्या वायसरांत असतो. नवे मिळेपर्यंत जुनेच लालभडक तापवून पाण्यात टाका, मऊ पडून परत बसतात.

घाटमाथा
@चाकधर बरोबर. अजून सोपं: 5 लिटरचा कॅन स्वच्छ डिझेल भरून फीड पंपापेक्षा उंच बांधा, पंपाची ओढीची नळी थेट त्यात. उचलली तर दोष टाकीच्या जाळीत नाहीतर पाईपात. टाकीचं झाकण उघडताना फुस्स झालं तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय.

नवखा 407
दादा, एअर काढायचा क्रम सांगता का? गाडीपाशीच उभा आहे.

नोजलवाला मिरज
फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन आटे सैल कर, हातपंप मार. आधी फेस येईल, मग निव्वळ डिझेल. पंप मारता मारताच आवळ. मग मोठ्या पंपावरचा (नोजलला डिझेल देतो तो) स्क्रू तसाच. हातपंपाची मूठ खाली दाबून परत आवळायला विसरू नको, तिथूनच एअर घेते. शेवटी नोजलच्या पाईपांचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ 10-15 सेकंद, मध्ये मिनिटभर थांब, नाहीतर सेल्फ जळतो. धारेसमोर बोट नको! जुनी नोजलं 200 बारच्या आसपास उघडतात, धार कातडीत शिरते. वरून नुसतं टोचल्यासारखं दिसतं. तसं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना.

वाळवेकर
भरलेली गाडी असेल तर आधी चिटबॉयला (कारखान्याचा ऊसतोड बघणारा माणूस) फोन करा. ऊस वाळला की वजन घटतं, नुकसान शेतकऱ्याचं.

कृष्णाकाठ
खरंय. काल त्या ड्रायव्हरचं तोंड बघवत नव्हतं.

विटा 24 व्होल्ट
सेल्फ फिरतो म्हणजे पुरेसा फिरतोच असं नाही. हळू फिरला तर दाबानं हवा तापत नाही, डिझेल पेटत नाही. सेल्फ मारताना 12 व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा, एखादी 9.6 व्होल्टखाली गेली तर तीच कच्ची. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकला. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थची पट्टी घासून परत आवळा.

घाटमाथा
पांढरा धूर आणि सेल्फही जोरात, तर टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) नाहीतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). पंप नुकताच उतरवला होता का विचारा, एक दात चुकला तरी उचलत नाही. इथरचा स्प्रे नको, इंजिनाची हवा तापवणारा हीटर असलेल्या गाडीत भडका होतो. आणि खंबाटकीसारख्या उतारावर ढकलून स्टार्ट करू नका. इंजिन बंद असताना ब्रेकला हवा भरत नाही.

नवखा 407
फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडला, कपभर पाणी निघालं.

नोजलवाला मिरज
सेल्फ मारू नको अजून. टाकीचा तळाचा बोल्ट काढून पाणी सोड, दोन्ही फिल्टर बदल, मगच एअर काढ. पाणी पंपात गेलं तर एलिमेंट (पंपातले दाब देणारे दट्टे) गंजून अडकतात.