मदत हवी आहे: नेपाळमधल्या आमच्या ११ लेकरांना भेटायला जायचंय, काय न्यावं, काय टाळावं?

सगळ्यांना सलाम. जालन्याहून लिहायलेय. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमची मंडळी लहान, रविवारी उपासनेला साठ-सत्तर माणसं आली म्हणजे चर्च भरलं. २०२१ पासून आम्ही नेपाळमधल्या एका गावातल्या ११ लेकरांच्या शाळेचा खर्च उचलतो. आता जालना कुठं नेपाळ कुठं, तर झालं असं की इथं चायनीजच्या गाडीवर एक नेपाळी भाऊ कामाला होता, दर रविवारी मागच्या बाकावर येऊन बसायचा, कुणाशी जास्त बोलायचा नाही. लॉकडाऊनमध्ये कसंबसं गाव गाठलं आणि मग तिकडून पाळकसाहेबांना फोन करून सांगायला लागला की इथल्या पोरांचे बाप आखातात अडकलेत, पैसे येईनात, पोरं शाळा सोडायलेत. मग महिला संघाने शेवया-पापड करून विकले, कापणीच्या सणाला लिलाव केला (एकच कोंबडा तीनदा विकला गेला, घेणारा परत दान करून टाकतो, ज्यांना माहितेय त्यांना माहितेय) आणि एका लेकरामागं महिन्याला ७०० असे ७,७०० रुपये जमायला लागले ते आजपर्यंत चालू आहे, देवाची कृपा.

आता ह्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहाजण जायचं म्हणतोय. पाळकसाहेब, त्यांच्या मिसेस, मी, तरुण संघातली दोन पोरं आणि एक रिटायर्ड नर्सबाई. आमच्यातलं कुणीच कधी देशाबाहेर गेलेलं नाही, नर्सबाई एकदा वेलंकनीला गेल्यात तोच आमचा मोठा प्रवास. गाव रुपन्देही जिल्ह्यात आहे, सीमेजवळच्या भैरहवा शहरापासून तासाभरावर म्हणतात.

कोणत्या रस्त्यानं जावं, कागदपत्रं काय लागतील, पैसे कसे न्यावेत (आजवर ओळखीच्या माणसाबरोबर रोख पाठवायचो, आता तो माणूस काम सोडून गेला), लेकरांना काय न्यावं, हे सगळं विचारायचंच आहे. पण माझा खरा प्रश्न वेगळाय.

माझे पप्पा लहानपणी एका बोर्डिंगात वाढले. परदेशातल्या कुणी बाई त्यांचा खर्च द्यायच्या. पप्पा सांगतात, नाताळच्या आधी सगळ्यांचे फोटो काढायचे, एक नवा शर्ट होता, तो घालून एकाचा फोटो झाला की काढून पुढच्या पोराला. एकदा पाहुणे आले तर भर उन्हात दोन तास गाणी म्हणायला उभं केलं, एक पोरगं चक्कर येऊन पडलं तर पाहुण्यांना वाटलं नाचायलाय. हसत सांगतात ते, पण मी जायचं म्हणाले तेव्हा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. आता मीच त्या पाहुण्यांच्या जागी जायलेय. लेकरांचा तमाशा होऊ न देता भेटायचं कसं, तीन दिवस तिथं नेमकं करायचं काय? कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

लुंबिनी_वारी (नांदेड)

जयभीम ताई. आम्ही दोन वेळा लुंबिनीला जाऊन आलोत, तुमचं रुपन्देही म्हणजे तोच जिल्हा, त्यामुळं रस्ता पाठ आहे. मनमाड गाठा, तिथून गोरखपूरची डायरेक्ट गाडी पकडा, काशी किंवा कुशीनगर एक्स्प्रेस. गोरखपूर स्टेशनच्या बाहेरून सोनौलीच्या बस मिळतात, तीन तास धरा. सोनौलीला कमानीखालून चालत पलीकडं गेलात की झालं नेपाळ, आपल्याला व्हिसा लागत नाही. पण पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड ओरिजिनल ठेवा, नुसत्या आधारवर विसंबू नका, आमच्यातल्या एका काकांनी आधारची झेरॉक्स आणली होती, लै पंचाईत झाली.

नोटा १०० च्या न्या. ५०० आणि २०० च्या नोटांचा २०१८ पासून तिकडं घोळ राहिलेला आहे. आपल्या १०० चे तिकडले १६० होतात, हा रेट फिक्सच आहे. दुकानदार भाव सांगताना 'आयसी का नेपाली' असं विचारतात, आयसी म्हणजे आपला रुपया, हे न कळल्यामुळं मी एका टोपीला दीडपट पैसे दिलेत. मोठ्या दुकानात तिकडल्या फोनपेचं (Fonepay, आपलं PhonePe नव्हे) क्यूआर असेल तर २०२४ पासून आपलं यूपीआय चालायलंय. घड्याळ १५ मिनिटं पुढं करा.

आणि ताई सगळ्यात महत्त्वाचं, दिवाळीत कामून जायलात? तिकडं दसैंची म्हणजे त्यांच्या दसऱ्याची मोठी सुट्टी, मग तिहार म्हणजे त्यांची दिवाळी, आणि त्या तराई भागात लगेच छठ. शाळेला कुलूप बघून परत याल. छठ उरकल्यावर जा. डिसेंबर-जानेवारी पण नको, धुक्यात गाड्या बारा-बारा तास लेट आणि थंडीमुळं तिकडल्या शाळा परत बंद.

धागाकर्ती

अय्यो दादा, हे तर डोक्यातच नव्हतं!! मी मास्तरीण असून आपल्या शाळेची सुट्टी बघितली, त्यांची बघितलीच नाही. पाळकसाहेबांना आत्ता फोन केला, तिकिटं काढायची होती उद्या. वाचवलंत.

हिशोबनीस (लातूर)

पैशाबद्दल लिहितो. रोख पाठवायचं बंद करा, हिशोब कुणालाच देता येणार नाही. रिझर्व्ह बँकेची भारत-नेपाळ रेमिटन्स नावाची सोय आहे, एनईएफटीवर चालते, तिकडं नेपाळ एसबीआय बँकेमार्फत पैसे मिळतात. खात्यातून पाठवले तर एका वेळी २ लाखांपर्यंत, रोख भरून पाठवले तर ५०,००० पर्यंत आणि वर्षात १२ वेळा. तुमचे तीन महिन्यांचे २३,१०० आरामात बसतात. शक्यतो शाळेच्या खात्यात टाका, माणसाच्या नाही, आणि शाळेकडून पावती घ्या.

दुसरं, लोक लगेच एफसीआरए एफसीआरए करतात, तो कायदा बाहेरून येणाऱ्या पैशाचा, तुमचा पैसा इथून बाहेर जायलाय. तुमची खरी अडचण वेगळीच आहे. चर्चचा ट्रस्ट आयकराच्या १२ए खाली (करमाफीसाठी) नोंदलेला असेल तर ट्रस्टचा पैसा देशाबाहेर खर्चला की तो करमाफीत धरत नाहीत, त्याला सीबीडीटीची (आयकराचं केंद्रीय मंडळ) वेगळी मंजुरी लागते. त्यामुळं ट्रस्टच्या खात्यातून पाठवू नका आणि ८०जी च्या (देणाऱ्याला करसवलत मिळते त्या) पावत्या तर अजिबात फाडू नका. ज्यांना द्यायचंय त्यांनी स्वतःच्या खात्यातून द्यावं. तुमच्या सीएला एकदा दाखवा, फुकट सल्ला फुकटचाच असतो.

ऊसतोड_बीड

राग मानू नका ताई, पण आपल्याकडं काय कमी लेकरं आहेत का? दिवाळी झाली की आमच्या गावातून कोयते निघतात, लेकरं मायबापासंगं फडात. त्यांची शाळा बुडते ती कुणाला दिसत नाही आणि नेपाळ दिसतं. परदेशवारीची हौस आहे म्हणा सरळ.

धागाकर्ती

राग कशाचा दादा. माझ्या स्वतःच्या वर्गातून दिवाळीनंतर आठ लेकरं कमी होतात, त्यातली दोघं मागच्या वर्षी आजीकडं थांबवली, आजीला किराणा भरून देतो एवढंच जमलं आम्हाला. तुम्ही म्हणता ते खरंय. पण ह्या ११ जणांतली एक मुलगी आता दहावीला आलीय, एसईई परीक्षा म्हणजे त्यांचं बोर्ड, तिला मधेच कसं सांगू की बाई आता आम्ही आमच्याकडली बघतो. आणि हौसेचं म्हणाल तर हो, थोडी हौस पण आहेच, खोटं कशाला बोलू.

जुना_सेंटरवाला (परभणी)

जय ख्रिस्त ताई. मी सहा वर्षं एका स्पॉन्सरशिप सेंटरवर काम केलंय. २०१७ ला कम्पॅशन इंटरनॅशनल ह्या अमेरिकेतल्या ख्रिस्ती संस्थेला भारतातलं काम बंद करावं लागलं तेव्हा १ लाख ४५ हजारांच्या आसपास लेकरं होती त्यांच्या यादीत. लेकरं विचारायची, आमची पत्रं आता कुठं जाणार. म्हणून पहिलं सांगतो, तिथं जाऊन 'कॉलेजपर्यंत शिकवू' असले शब्द देऊ नका, जेवढं जमतं तेवढंच बोला.

कायद्याचं नीट ऐका. नेपाळच्या संविधानातच दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे, आणि २०१८ पासून लागू झालेल्या त्यांच्या फौजदारी संहितेत कलम १५८ खाली ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० पर्यंत दंड. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर ७ दिवसांत देशाबाहेर. तरुण संघाची पोरं उत्साहात धर्माची पत्रकं, नवे करार (बायबलचा भाग) बॅगेत भरतात, तुम्ही स्वतः बॅगा तपासा. शाळेत गाणं नको, कृतीगीत नको, प्रार्थना पण नको. तुम्ही निघून याल, पण निस्तरावं लागेल त्या चायनीजवाल्या भावाला आणि हेडमास्तरला. तिथल्या मंडळीत उपासनेला बसा की खुशाल, फक्त ती शनिवारी असते, तिकडं सुट्टी शनिवारची. ते लोक 'जय मसीह' म्हणतात.

वस्तूंचं म्हणाल तर इथून ओझं नेऊ नका, वह्या-पेनं भैरहवात मिळतात. आणि ११ जणांना दप्तरं देऊन बाकीचा वर्ग बघत बसवू नका, हे मी डोळ्यांनी बघितलंय, बाहेर गेल्यावर त्या दप्तरांची काय गत होते ते. अख्ख्या शाळेला दोन फुटबॉल, कॅरम, लायब्ररीला पुस्तकं असं द्या. फोटो हेडमास्तर आणि आईला विचारून, आणि लेकराचं नाव, गाव, शाळा असं फेसबुकवर अजिबात नाही. स्वागत समारंभ नको म्हणून आधीच कळवा, नाहीतर हार घेऊन सकाळपासून रांगेत उभी करतील. नर्सबाई येतायत तर मोठ्या मुलींशी पाळीबद्दल बोलू द्या, शाळेला विचारून. तुम्ही शिक्षिका आहात, एक दिवस वर्गात मागच्या बाकावर बसा नुसतं.

धागाकर्ती

दादा 'मागच्या बाकावर' वाचून मला तो नेपाळी भाऊच आठवला.

अपडेट देते. तारीख बदलली, छठ झाल्यावर जातोय, मला पगारी रजा टाकावी लागेल, बघू मुख्याध्यापक काय म्हणतात. तरुण संघाच्या एका पोराने खरंच शंभर पत्रकं आणून ठेवली होती, पाळकसाहेबांनी कपाटात कुलूपबंद केली.

आणि पप्पांना हा सगळा धागा वाचून दाखवला. बराच वेळ गप्प, मग म्हणाले की आम्हाला पत्र लिहायला लावायचे ते फळ्यावरून उतरवायचं असायचं, सगळ्यांचं एकच, आय ॲम फाईन थँक यू फॉर द गिफ्ट. मला त्या बाईला विचारायचं होतं की तुम्हाला स्वतःची पोरं आहेत का, ते काही फळ्यावर कधी आलं नाही. तुम्ही त्या लेकरांना विचारू द्या म्हणाले काय विचारायचं ते.

मग मी हेडमास्तरांना निरोप पाठवला की आभाराचं पत्र नको, लेकरांना आमच्याबद्दल जे विचारायचंय ते लिहू द्या. नेपाळी पण आपल्याच लिपीत, त्यामुळं वाचता तरी येतं, अर्थ तो भाऊ फोनवर सांगतो. (त्यांच्यात 'ळ' नाही बरं का, पाळकसाहेबांचं 'पालकसाहेब' केलंय एकीनं.) काल व्हॉट्सॲपवर सात चिठ्ठ्या आल्या. एकाने विचारलंय तुमच्या गावातून हिमाल दिसतो का. एकीने विचारलंय तुम्ही सहाजण एकमेकांचे कोण लागता. दहावीवालीने विचारलंय पैसे कुठून आणता, तिला शेवयांचं सांगायचंय, कोंबड्याचं पण. आणि सगळ्यात लहान्याने विचारलंय की तुमच्याकडे झाडाला काय लागतं.

तर शेवटचा प्रश्न, लुंबिनीवाले दादा तुम्हालाच. जालन्याची मोसंबी, जास्त नाही, पाच-सहा किलो, सोनौलीला नेऊ देतात का?