एका पुडीत युरिन इन्फेक्शनचा विषय खरंच संपतो का?

कृष्णाकाठ
परवा इथे एका ताईंनी लिहिलं होतं, "पाच दिवस गोळ्या गिळायचा जमाना गेला. फॉस्फोमायसिनची तीन ग्रॅमची पुडी पाण्यात घाला, प्या, विषय संपला." खाली बदामांची रांग. मला ते वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

विषय संपत नाही. २०१८ मध्ये 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी छापून आली. जिनिव्हा, पोलंडमधलं लोड्झ आणि इस्राएलमधलं पेताह तिक्वा इथल्या ५१३ बायका. काहींना ही पुडी, काहींना पाच दिवस नायट्रोफ्युरँटॉइन या अँटिबायोटिकच्या गोळ्या. २८ दिवसांनी पाहिलं तर गोळ्या घेतलेल्यांपैकी ७० टक्के बऱ्या, पुडी घेतलेल्यांपैकी ५८ टक्के. शंभरामागे बारा बायकांचा फरक आहे हा. एका डोसचा मोहही आजचा नाही. १९७०-८० च्या दशकांत अमॉक्सिसिलिन असंच एकदाच देऊन पाहिलं, पण दुखणं पुन्हा उलटायचं, म्हणून डॉक्टर तीन दिवसांच्या कोर्सकडे वळले. दुसऱ्या दिवशी जळजळ थांबली का, एवढंच विचारलं की कुठलंही औषध पास होतं. महिन्याने काय, ते विचारा.

लाल_डब्बा
मी एसटीत वाहक आहे. उन्हाळी लागली की काय होतं ते मला आकड्यांत सांगू नका. पाच दिवसांची पाकिटं मला तीनदा लिहून दिली, एकही संपलं नाही. सकाळची गोळी आठवते, रात्रीची मुक्कामी गाडीवर राहते. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की पाकीट पर्सच्या तळाशी. चाचणीतल्या बायकांची विचारपूस करायला माणसं असतात. पुडी मी रात्री लघवीला जाऊन आले की घेते आणि झोपते. चुकायला दुसरा डोसच नाही. तुमच्या ७० टक्क्यांत माझ्यासारखी बाई कुठे बसते?

कृष्णाकाठ
कोर्स अर्धा राहतो हे मान्य, तो मुद्दा मी सोडला होता. पण त्यावर इलाज एकच डोस का? इंग्लंडमध्ये नायट्रोफ्युरँटॉइन तीनच दिवस देतात आणि पुडी दुसऱ्या पसंतीला ठेवतात. तीन दिवस तर निभतील?

फार्मा_नगर
मी दुकानात बसतो, माझंही ऐका. आमच्याकडे बाई येत नाही, नवरा येतो. "तिला खाली जळजळ होतेय, काहीतरी द्या." आणि कित्येक दुकानांत सिप्रो किंवा नॉरफ्लॉक्स ही अँटिबायोटिकं हातावर ठेवतात. ना चिठ्ठी, ना कल्चर, म्हणजे लघवीत कोणता जंतू आहे याची तपासणी. हे इन्फेक्शन बहुतेकदा ज्या जंतूने होतं त्या ई. कोलायवर त्यामुळेच त्या गोळ्या आता चालेनाशा झाल्यात. तोंडाने घ्यायची जी दोन-तीन औषधं अजून लागू पडतात, त्यात ही पुडी आहे. ती पण अशीच वाटायला लागलो तर पुढे थेट सलाईन. पहिल्या डोसआधी मधल्या धारेची लघवी तपासायला द्या, एवढं तरी करा.

लाल_डब्बा
कल्चरचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी येतो. तोवर मी तिकिटं फाडताना दात आवळून उभी राहू का? आणि हे इन्फेक्शन होतं कशाने ते कुणीच बोलत नाही. स्टँडवरच्या शौचालयाला कुलूप, नाहीतर आत पाय ठेववत नाही. म्हणून ड्यूटीभर पाणीच पीत नाही आम्ही. त्याच २०१८ मधला दुसरा अभ्यास मुलीने वाचून दाखवला. वारंवार त्रास होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या बायकांना रोज दीड लिटर जादा पाणी प्यायला लावलं, तर वर्षातली इन्फेक्शनं जवळजवळ निम्मी झाली. आम्ही दीड लिटर पिऊन जायचं कुठे?

मुठाकाठची
अगदी! पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ च्या डिसेंबरात महापालिकांना बजावलं होतं, बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं बांधा म्हणून. त्याआधी २०११ पासून मुंबईत 'राइट टू पी' मोहिमेतल्या बायका भांडत होत्या, कारण पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे. आजही बाजारात गेले की मी आधी ओळखीचं दुकान शोधते.

स्पष्टवक्ता७
धागा औषधावर आहे. शौचालयांवर आधीच ढीगभर धागे आहेत, तिकडे जा.

मुठाकाठची
तुम्ही भिंतीकडे तोंड करून मोकळे होता, तुम्हाला हे दोन विषय वेगळे वाटणारच. चार तास दाबून धरून बघा, मग विषय शिकवा.

निवासी_डॉक्टर
भांडण थांबवून दोन गोष्टी ऐका. कृष्णाकाठ, त्या चाचणीत गोळी दिवसातून तीनदा होती, आपल्याकडे बहुतेक दोनदा देतात. शिवाय कोण काय घेतंय हे बायकांना आणि डॉक्टरांना माहीत होतं. म्हणून बाराचा आकडा जसाच्या तसा इथे लावू नका. आणि पुडीवाल्यांनो, औषध लघवीत दोन दिवस तरी राहतं, आराम पडायला दोन-तीन दिवस लागतात. दुसऱ्या सकाळी जळजळ आहे म्हणून लगेच दुसरं अँटिबायोटिक गिळू नका. ताप, थंडी, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं असेल तर पुडीच्या भरवशावर राहायचं नाही, ते किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं. गरोदर बायकांनी तर स्वतःच्या मनाने काहीच घ्यायचं नाही.

कृष्णाकाठ
तीनदा-दोनदाचा मुद्दा बरोबर आहे. तरी 'विषय संपला' हे वाक्य चूकच, त्यावरून मी हटणार नाही. लाल_डब्बाताईंचं एक मात्र पटलं. ही तुलना आपल्याकडच्या कामावर जाणाऱ्या बायकांत करायला हवी. गोळ्या मोजायला रोज कुणी येणार नाही, आणि महिन्याने विचारायचं.

लाल_डब्बा
तशी कुणी केली तर आमच्या डेपोतल्या बायका नावं देतील, मी पहिली. फक्त महिन्याने फोन करायचा तो रात्री आठनंतर करा. गाडीत उचलता येत नाही, आणि भरल्या गाडीत हे बोलताही येत नाही.