६६७ मूळ नाही. आणि पिनकोडची गंमत

कुणीतरी ६६७ मूळ संख्या ठरवली आहे, कारण १९पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहिला आणि कशानेच गेला नाही. चूक थांबण्यात झाली. ६६७चं वर्गमूळ २५.८च्या आसपास, म्हणजे २३ तपासायचा राहिला: २३ × २९ = ६६७. विभाजक जोडीनेच येतात. जोडीतला लहान वर्गमूळाच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून वर्गमूळापर्यंत जायचं, पण तिथपर्यंत जायचंच. २८९, ३६१, ५२९ यांत तर खुद्द वर्गमूळच विभाजक असतं, तिथे पोरं हमखास फसतात.

मोठ्या संख्येला ७, ११, १३ एकाच झटक्यात तपासता येतात. ७ × ११ × १३ = १००१. सहा अंकी संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन गट करा, वजाबाकी करा, उरलेल्याला ७, ११, १३ने भाग द्या; ज्याने गेला, त्याने आख्ख्या संख्येलाही जातो. नागपूरचे पिन ४४०ने सुरू होतात, त्यामुळे सरावाला आयतेच. ४४००१३ घ्या: ४४० − १३ = ४२७ = ७ × ६१, म्हणजे ४४००१३ला ७ने भाग जातो. (अंकांची बेरीज १२, म्हणून ३नेही जातो, ते आधीच दिसायला हवं.)

४४००११ जास्त फसवा. विषम, शेवटी ५ नाही, बेरीज १०. पण ४४० − ११ = ४२९ = ३ × ११ × १३. यातला ३ आपल्या कामाचा नाही, कारण १००१मध्ये ३ नाही. ११ आणि १३ मात्र पक्के. १४३ने भागलं की ३०७७, आणि तो १७ × १८१. ही युक्ती नसती तर ६६१पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी घेऊन बसायची तयारी ठेवावी लागली असती.

जीपीओचा (मुख्य टपाल कार्यालयाचा) ४४०००१? बेरीज ९, विषय संपला.