‘आम्ही आठशे रुपयांत संसार केला’ आणि ‘अठरा हजारांत काय होतं?’ : हिशोब नेमका मांडायचा कसा?

मुलुंडकर

मुंबईत सध्या घरोघरी हा वाद ऐकू येतो. मुलगा किंवा मुलगी बीकॉम, बीएस्सी झालेली. हातात १८-२० हजारांची ऑफर असते आणि ती नाकारली जाते, किंवा चार महिन्यांत नोकरी सोडली जाते. वडीलधारे म्हणतात, तुम्हाला कष्ट नकोत. मुलं म्हणतात, तुमचा काळ वेगळा होता. दोघंही आपापल्या जागी ठाम, आणि जेवणाच्या ताटावर अबोला.

मला दोन नेमकी उत्तरं हवीत. जुन्या आणि आजच्या पगाराची तुलना दोन्ही पिढ्यांना पटेल अशी कशी करायची? आणि ऑफर लेटर समोर असताना ती नोकरी घेण्याजोगी आहे का, हे कशावरून ठरवायचं? उपदेश नको, आकडे सांगा.

ताळेबंद

पहिल्या प्रश्नासाठी अंदाज बांधायची गरज नाही. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे महागाई मोजणारा आकडा, केंद्र सरकारचं लेबर ब्युरो दर महिन्याला जाहीर करतं. आजच्या मालिकेचा पाया २०१६ = १००, म्हणजे २०१६ सालच्या किंमती १०० धरून. त्या आकड्याला २.८८ ने गुणलं की २००१च्या पायावर येतो, त्याला पुन्हा ४.६३ ने गुणलं की १९८२च्या पायावर. निर्देशांक १४५ धरा: १४५ × २.८८ × ४.६३ = सुमारे १९३४. म्हणजे १९८२ साली १०० रुपयांत जे येत होतं त्याला आज १९०० च्या वर लागतात. तेव्हाचे ८०० रुपये आजचे साधारण १५,५०० झाले.

हा आकडा दोघांनाही अडचणीचा आहे. आठशे म्हणजे आजचे लाखभर, असं मुलांना म्हणता येत नाही. आणि ‘आठशेत भागलं मग अठरा हजार तर डोंगर’ हे वडिलांना म्हणता येत नाही, कारण फरक जेमतेम अडीच हजारांचा आहे, आणि निर्देशांक सरासरी कुटुंबाचा असतो. पागडीच्या खोलीत जुन्या भाड्याने राहणारा आणि आज लिव्ह अँड लायसन्सवर घर शोधणारा, यांचा खर्च एका सरासरीत मावत नाही.

घराचा हिशोब म्हणून वेगळा करा. महिन्याचं भाडं तर धराच, पण आत शिरायला किती लागतं तेही लिहा. उदाहरणार्थ भाडं ९,०००, डिपॉझिट ३०,०००, एजंटचं एक महिन्याचं भाडं ९,०००, पहिला महिना ९,०००, वर करारनोंदणी. पन्नास-साठ हजार रोख हातात असल्याशिवाय किल्ली मिळत नाही, आणि करार बहुधा ११ महिन्यांचा. उलट प्रवास ही एकच गोष्ट आजही खरोखर स्वस्त आहे. विरार ते चर्चगेट सेकंड क्लासचा महिन्याचा पास साडेतीनशेच्या आत येतो. त्याची किंमत पैशात कमी आणि तासांत जास्त मोजावी लागते, म्हणून प्रवासाचे तासही कागदावर मांडा.

आता ऑफर लेटर. लेटरवर ‘वार्षिक ३.६ लाख’ लिहिलंय, म्हणजे घरात तीस हजार सांगितले जातात. फोड अशी असते:

मूळ पगार १५,००० धरू. मालकाचा पीएफचा वाटा १,८०० हा सीटीसीतच, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाच्या त्या ३.६ लाखांतच, मोजलेला. ग्रॅच्युइटी मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, म्हणजे ७२१. ‘व्हेरिएबल’ १० टक्के, म्हणजे ३,०००, तो वर्षाअखेरीस आणि कामगिरी मान्य झाली तर. गट विम्याचा हप्ता समजा ५००. उरले २३,९७९. त्यातून कर्मचाऱ्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात २१,९७९. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापतात. २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे, त्यांना २२,१७९ मिळतील.

तीस सांगून बावीस हातात येतात तेव्हा ‘पैसे उडवतोस’ असा आरोप सुरू होतो. ही फोड पहिल्याच दिवशी घरात सगळ्यांसमोर मांडली तर निम्मी भांडणं होणारच नाहीत. पीएफमध्ये दरमहा दोन्ही बाजूंचे मिळून ३,६०० जातात, त्यातले १,२५० पेन्शन खात्यात. ते बुडालेले नाहीत, हेही मुलांनी मान्य करावं.

चिंचपोकळी

‘तेव्हा नोकरी कायम होती’ हे निम्मंच खरं आहे, आणि ही दुरुस्ती जुन्या पिढीकडूनच यायला हवी.

मुंबईच्या कापड गिरण्यांत बदली कामगार मोठ्या संख्येने होते. पाळी सुरू होताना गेटवर उभं राहायचं, कायम कामगार गैरहजर असला तर काम, नाहीतर परत. वर्षानुवर्षं हे चालायचं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला त्यात बोनस आणि पगारवाढीच्या जोडीला बदलीवाल्यांना कायम करा ही मागणीही होती. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक पुन्हा त्या पगारावर आत गेलेच नाहीत. तेव्हा आपल्या पिढीलाही सगळं ताटात वाढून मिळालं नव्हतं.

पण तो पगार पुरायचा कसा, हेही सांगावं लागेल. चाळीतल्या एका गाळ्यात, म्हणजे खोलीत, पंधरा-वीस माणसं पाळीपाळीने झोपायची. जेवण खानावळवाल्या बाईकडे, महिन्याच्या उधारीवर. या बायकांच्या कष्टावर गिरणगाव जेवलं, आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून १९७५ साली प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. बायको-मुलं कोकणात किंवा घाटावर. तिकडे भात, नाचणी घरची, शेत बाई बघायची. मुंबईचा पगार एका माणसाचा खर्च आणि मनीऑर्डर एवढ्यासाठी होता. ‘आठशेत संसार केला’ या वाक्यात ती बाई आणि ते शेत धरलेलंच नसतं. आजच्या मुलाच्या मागे शेत नाही, त्याने सगळं बाजारातून विकत घ्यायचं आहे.

दुसरं, कायम कामगाराचा महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला होता. किंमती चढल्या की पगार मागोमाग चढायचा, त्यासाठी साहेबापुढे उभं राहावं लागत नव्हतं. आज खासगी कचेरीत नव्याने लागलेल्याला हा भत्ता कुठे आहे? माझ्या मते दोन पिढ्यांतला खरा फरक इथे आहे. सुरुवातीचा पगार तेव्हाही थोडाच होता, पण पुढच्या पायऱ्या दिसत होत्या.

पगारपत्रक

चिंचपोकळी काका, पायऱ्यांचा मुद्दा अगदी बरोबर, त्याला एक आकडा जोडते. पीएफची वेतनमर्यादा, म्हणजे ज्या पगारापर्यंत पीएफ सक्तीचा आहे ती रक्कम, १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० वरच आहे. निर्देशांकाने तेवढेच पैसे आज २४-२५ हजार व्हायला हवे होते. बऱ्याच ठिकाणी कंत्राटी पगार याच १५ हजारांभोवती रचला जातो, म्हणजे दहा-अकरा वर्षं पगाराचा तळ हललाच नाही.

मुलुंडकर, ऑफर पाहताना रकमेआधी तास बघा. १८,००० पगार, ८ तास, २६ दिवस: २०८ तास, ताशी ८६ रुपये. तोच १८,००० पगार १२ तासांच्या ड्युटीने ३० दिवस: ३६० तास, ताशी ५०. कागदावर दोन्ही नोकऱ्या ‘अठरा हजारांच्या’. सिक्युरिटी, हाउसकीपिंग, गोदाम आणि मॉलमधल्या दुकानांत हे सर्रास चालतं. जादा कामाला दुप्पट दर कायद्यात आहे, पण स्लिपवर ओव्हरटाइमचा रकानाच नसेल तर मागणार कशाच्या आधारावर?

दुसरी गोष्ट, मालक कोण? मुलाखत एका कंपनीत होते आणि पत्र येतं ठेकेदाराच्या नावाने. याला थर्ड पार्टी पेरोल म्हणतात. ते बेकायदा नाही, पण तीन ठिकाणी गळती होते. एक, पीएफचे दोन्ही वाटे कामगाराच्याच पगारातून कापले जातात. स्लिपच्या कपातीत मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या १२ टक्केच दिसायला हवेत, मालकाचे १३ टक्के तिथे येता कामा नयेत. १५,००० वर १,८०० ऐवजी ३,७५० कापले असतील तर ही लबाडी आहे. दोन, कापलेले पैसे भरलेच जात नाहीत. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत ते भरायचे असतात, म्हणून २५ तारखेच्या सुमाराला उमंग ॲपवर पासबुक उघडून बघायची सवय पहिल्या महिन्यापासून लावा. तीन, वर्षात २४० दिवस भरले की नोकरीला कायद्याचं संरक्षण मिळतं, ते भरू नयेत म्हणून मध्ये ‘ब्रेक’ दिला जातो किंवा ठेकेदाराचं नाव बदलतं. कामाची जागा तीच, खातं मात्र नवं.

२१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, हवं. कर्मचाऱ्याचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. कमी पगाराच्या नोकरीत ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे, कारण आई-वडील अवलंबून असतील तर त्यांचेही उपचार त्यात होतात. म्हणून १८ हजार अधिक ईएसआयसी आणि २१,५०० बिनविम्याचे यांत पहिली ऑफर सरस ठरू शकते.

किमान वेतन तर तपासाच. मुंबई परिमंडळ १ मध्ये येते, कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे तीन दर असतात, आणि विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. जुलैनंतर स्लिपवर आकडा हलला नाही तर लगेच विचारा. पदवीधराला ‘हेल्पर’ दाखवून अकुशल दर लावणं ही नेहमीची युक्ती आहे. पत्रावर पदाचं नाव काय आहे ते सहीआधी वाचा.

मूळ प्रमाणपत्रं कोणालाही ठेवायला देऊ नका. नोकरी लावून देण्यासाठी कोणी पैसे मागितले तर तिथेच उठा.

मुलुंडकर

खूप उपयोगी. अजून दोन फाटे. अशी नोकरी नाकारून मुलं डिलिव्हरीत जातात, ‘महिन्याला पंचवीस पडतात’ म्हणतात. आणि काही जण तीन-चार वर्षं सरकारी भरतीची तयारी करत बसतात. यावर घरच्यांची काळजी चुकीची म्हणायची का?

वर्कशॉप

नाही, इथे घरच्यांचं ऐकण्यासारखं आहे.

डिलिव्हरीचे पंचवीस म्हणजे गाडीचा खर्च वजा न करता. दिवसाला १२० किलोमीटर, गाडी लिटरला ४५ देते, पेट्रोल १०४ धरलं तर रोजचे २७७, २६ दिवसांचे सुमारे ७,२००. त्यावर ऑइल, टायर, ब्रेक लायनर, विमा, गाडीचा हप्ता. पंचवीसचे पंधरा-सोळा व्हायला वेळ लागत नाही, पीएफ नाही, आणि पावसाळ्यात पडलं की कमाई थांबते. तरीही मुलं तिथे जातात, कारण पैसे आठवड्याला मिळतात आणि वेळ आपल्या हातात राहते. कचेऱ्यांनी यातून काही शिकायला हवं. ते काम करायचं असेल तर ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करा आणि अपघात विमा स्वतःचा घ्या.

भरतीचं गणित कठोर आहे. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांना १७ लाखांवर अर्ज होते, एका जागेमागे शंभराच्या आसपास. हे मुलांच्या आळसाचं लक्षण नाही. महागाई भत्ता, पेन्शन, पायऱ्या, काकांनी वर सांगितलेलं सगळं आता फक्त तिथे शिल्लक आहे, म्हणून रांग तिथे लागते. पण घरात आधीच लिहून ठरवावं: किती प्रयत्न, कोणत्या तारखेपर्यंत, आणि दरम्यान कोणतं कौशल्य. काहीच न ठरवता गेलेली चार वर्षं पुढे मुलाखतीत भरून निघत नाहीत.

मधला रस्ता शिकाऊ उमेदवारीचा आहे, आणि तो फारच कमी घरांत बोलला जातो. १९६१ च्या कायद्याखालची उमेदवारी असेल तर करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला असतो आणि शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. रेल्वेच्या परळ, लोअर परळ आणि माटुंगा वर्कशॉपमध्ये फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन घेतात, आणि रेल्वेच्या लेव्हल १, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीच्या, भरतीत अशा प्रशिक्षितांसाठी २० टक्के जागा राखीव असतात. मात्र शिकाऊ उमेदवाराला पीएफ आणि ईएसआयसी लागू नाही. म्हणून पोर्टलवर नोंद नसताना ‘अप्रेंटिस’ म्हणून ठेवत असतील तर तो स्वस्तातला कामगार आहे, शिकाऊ नव्हे.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० विद्यावेतन आहे. आधी सहा महिने होती, नंतर अकरा झाली. तिथे अनुभवाचं पत्र मिळतं, नोकरीची हमी नाही. घरच्यांना ‘सरकारी लागला’ असं सांगू नका, नंतर त्यांना फार लागतं.

ताळेबंद

वर्कशॉपशी एका बाबतीत असहमत. ‘मिळेल ती घे, मग बघू’ हा सल्ला तुम्ही थेट दिला नाहीत, पण वाचणारे तोच अर्थ घेतील. ताशी ५० ची बारा तासांची नोकरी घेतली की शिकायला, मुलाखतीला जायला वेळच उरत नाही. घरी बसणं नको, हे मान्य. पण आठ तासांची १६ हजारांची नोकरी बारा तासांच्या १९ हजारांपेक्षा पुढे नेणारी असते, एवढं घरच्यांनी समजून घ्यावं.

पगारपत्रक

सहमत. आणि तक्रारीची वेळ आलीच तर काय लागतं ते सांगून ठेवते, कारण पुराव्याअभावी सगळं अडतं. नेमणुकीचं पत्र, दर महिन्याची स्लिप, बँक स्टेटमेंट, ओळखपत्राचे दोन्ही बाजूंचे फोटो, आणि हजेरीचा रोज काढलेला फोटो किंवा पंचिंगचा स्क्रीनशॉट. रोख पगार घेऊ नका, घ्यावाच लागला तर तारीख-रक्कम त्याच दिवशी मेसेजवर कळवा. पीएफसाठी भविष्य निधी कार्यालयाच्या तक्रार पोर्टलवर यूएएन, म्हणजे आपला पीएफचा क्रमांक, घालून तक्रार करता येते. किमान वेतन आणि ओव्हरटाइमसाठी वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन. जुन्या किमान वेतन कायद्यात दाव्याला सहाच महिने होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत तीन वर्षं आहेत. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य कंपनीवर येते, म्हणून अर्जात दोघांचीही नावं घाला. नोकरी सोडताना राजीनामा ईमेलनेच द्या आणि त्याची प्रत स्वतःच्या खासगी मेलवर पाठवून ठेवा. कंपनीचा मेल शेवटच्या दिवशी बंद होतो.